फेस राहता कामा नये

सोमवार, ३ मार्च

आजपासून धुणं माझ्याकडे. सकाळी बायकोला तसं जाहीर केलं. ती कामाला निघायच्या घाईत चप्पल शोधत होती. म्हणाली, बरं. एवढ्या मोठ्या निर्णयाला एवढंच उत्तर.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी श्रेय ढापायला नको. काल ताई आली होती. अण्णांची पाठ उघडून बघितली. कमरेखाली दोन लाल चट्टे. झालं, बाईसाहेब बिथरल्या. अण्णांची उजवी बाजू आणि वाचा जाऊन वर्ष होत आलं. वर्षभर इथे मी आहे, आणि ही महिन्यातून एकदा येऊन उंटावरून शेळ्या हाकणार. म्हणाली, महिनाअखेरपर्यंत पाठ सुधारली नाही तर अण्णांना मी माझ्याकडे नेते.

नेते म्हणजे काय? अण्णा काय कपाट आहेत?

पण रागावून उपयोग नाही. शास्त्रीय विचार केला. चट्टे नेमके तिथेच आहेत जिथे चादर लागते. कपाळावर नाहीत, नाकावर नाहीत. म्हणजे चादर. म्हणजे चादरीत राहिलेली पावडर. डॉक्टर, नर्स, ताई, बायको, कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मी उगाच क्वालिटी कंट्रोलला जन्म घालवला नाही.

बायको दारातून परत आली आणि म्हणाली, दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायला विसरू नका. भिंतीवर तसा कागदही लावलाय तिने. मी काय कुकुलं बाळ आहे?

मंगळवार, ४ मार्च

दुकानातून सगळ्या पावडरी आणल्या. निळी, पांढरी, हिरव्या दाण्यांची, शिवाय बाटलीतलं लिक्विड. दुकानदार म्हणाला, हॉटेल काढताय का. हसलो नाही.

पद्धत ठरली. चादर धुवायची, खळबळायची. मग एक टोक काचेच्या बाटलीत पिळायचं, बूच लावून बाटली हलवायची आणि फेस बघायचा. फेस आला म्हणजे पावडर शिल्लक. फेस राहता कामा नये. सोपं आहे, पण सुचावं लागतं.

ही पद्धत खरं तर अण्णांचीच. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. रविवारी अण्णा आमचे शाळेचे शर्ट स्वतः धुवायचे. शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन खिडकीपाशी उजेडात धरायचे. ओंजळीचा तळ दिसला तरच शर्ट दोरीवर. नाहीतर आणखी एक पाणी. गार पाण्याने बोटं लाल व्हायची त्यांची. आज त्यांना बाटली नेऊन दाखवली. बराच वेळ बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं. आनंद झाला असणार.

वळवायचं दुपारी राहिलं. टेस्ट मध्येच सोडता येत नाही.

गुरुवार, ६ मार्च

निळी पावडर बाद. बाटलीत बोटभर फेस. पांढरी बाद. हिरव्या दाण्यांची तर विचारूच नका.

अडचण एकच. अण्णांच्या उशाशी स्टीलची ताटली आणि चमचा असतो. काही हवं असलं की डाव्या हाताने वाजवतात. आता मी न्हाणीघरात, मशीन चालू, त्यात नळ सोडलेला. ताटली ऐकू येत नाही. त्यात माझा काय दोष? बाहेर आलो तेव्हा वाजवून वाजवून दमले होते, अंथरूण ओलं. लगेच बदललं. म्हणजे चादर काढली. दुसरी घालणार होतो, पण ती जुन्या पावडरीने धुतलेली. तिच्यावर झोपवलं तर सगळा रिझल्ट बिघडणार.

तेव्हा चादर वाळेपर्यंत नुसत्या रबरी शीटवर ठेवलं. रबराला पावडर लागत नाही.

शनिवार, ८ मार्च

चट्टे थोडे गडद वाटतायत. बरं होताना आधी वाढतंच, हे सगळ्यांना माहीत आहे.

बायकोला सुट्टी होती. तिने अण्णांना आंघोळ घातली, पावडर लावली (अंगाची), स्वच्छ अंथरूण घातलं, दिवसभर वळवलं. माझी टेस्ट एक दिवस मागे गेली. सहन केलं. घरात शांतता हवी.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या मोरीतून फेस वर येतोय म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे महत्त्वाचं काम चाललंय. काकू म्हणाल्या, अहो, पावडर निम्मी टाका, अति तिथे माती. मी नम्रपणे सांगितलं की चादर आजारी माणसाची आहे, तिला निम्मी पावडर म्हणजे निष्काळजीपणा. उलट मी आजपासून वाढवलीय.

सोमवार, १० मार्च

मोठी प्रगती. चूक सापडली: माप! रोज पावडर अंदाजाने पडत होती. आमच्या खात्यात अंदाज हा शब्द काढला तरी साहेब बाहेर उभं करायचे. घरातले चमचे सगळे लहानमोठे, एकासारखा दुसरा नाही. एकच चमचा खोलगट, सपाट काठाचा, अगदी मापाचा. अण्णांचा.

विचार केला. नाहीतरी मशीन चालू असताना ताटली ऐकू येत नाही. मग तो चमचा तिथे पडून काय उपयोग? त्यांना समजावून सांगितलं आणि घेतला. थोडा घट्ट धरला होता त्यांनी.

संध्याकाळी बायको यायच्या आत परत ठेवला. उगाच चर्चा नको.

बुधवार, १२ मार्च

अण्णा दिवसभर शांत असतात आता. अजिबात वाजवत नाहीत. कापडाचा फरक पडतोय, यात शंका नाही.

संध्याकाळी मात्र चमचा हातात आला की सुरू होतात ते थांबतच नाहीत. बायकोने विचारलं, दिवसभर असंच असतं का? मी म्हटलं, छे, दिवसभर अगदी शांत. आणि ते खरंच आहे.

मग तिने पाठ बघितली. बघत राहिली. म्हणाली, कातडी सुटायला लागलीय, ताईंना कळवा. मी म्हटलं, लिक्विडचा रिझल्ट उद्या आहे, त्याआधी कळवणं घाईचं होईल. ती म्हणाली, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. म्हैस कोण ते काही तिने सांगितलं नाही.

शनिवार, १५ मार्च

लिक्विड बाद. फेस कमी, पण चादर बुळबुळीत लागते. कदाचित आमचं पाणीच जड आहे. मशीनही जुनं आहे. चांगली हत्यारं नसताना मी इथवर आलो, हे कुणी लक्षात घेत नाही.

आता प्रत्येक चादर पाच वेळा खळबळतो. एक वाळत, एक भिजत, एक मशीनमध्ये. अण्णांखाली रबरी शीट. दोन-तीन तास होतात कधीकधी. पण ज्या दिवशी चादर खाली जाईल, त्या दिवशी तिच्यात फेसाचा थेंब नसेल.

दुपारी जुन्या खात्यातला एक जण रस्त्यात भेटला. सध्या काय करता, असं विचारलं. पूर्वी हा प्रश्न मला पोटात लाथ मारल्यासारखा लागायचा. (मी नोकरी सोडली. म्हणजे खातंच बंद झालं, पण मनाने मी त्याआधीच सोडली होती.) आता ताठ मानेने सांगितलं: वडील आजारी आहेत, त्यांचं सगळं मीच बघतो. तो म्हणाला, भाग्यवान आहात.

अण्णांना ताई घेऊन गेली, तर या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? हे इथे लिहितोय कारण कुणी वाचणार नाही.

घरी आलो तेव्हा अण्णा दाराकडे तोंड करून होते. तसेच, जसे ठेवून गेलो होतो.

बुधवार, १९ मार्च

खोलीत वास येतो असं बायको म्हणते. मला पावडरीचाच येतो. नाक सरावलं असेल.

अण्णा जेवत नाहीत. दोन घास, मग ओठ मिटतात. वळवायला गेलो तर घशातून आवाज काढला. असा आवाज त्यांचा कधी ऐकला नव्हता. घाबरलो. म्हटलं, दुखत असेल तर नको वळवायला. तसंच राहू दिलं. मुद्दाम त्रास देणं मला जमत नाही, हा माझा स्वभावच आहे.

उद्यापासून मात्र एकदम कडक शिस्त. वळवणं, पुसणं, सगळं कागदाप्रमाणे. तेवढी एक नवी, पिवळ्या डब्यातली पावडर तपासून झाली की.

शनिवार, २२ मार्च

घरभेद झाला. बायकोने परस्पर ताईला फोन केला.

ताई भर दुपारी न सांगता आली, सोबत डॉक्टर. मी न्हाणीघरात होतो, मशीन चालू, बेल ऐकू आली नाही. बायकोनेच दार उघडलं. ती आज कामावर गेलीच नव्हती, जिन्यात ताईची वाट बघत थांबली होती. स्वतःच्या घरात ही कारस्थानं.

बाहेर आलो तर ताई अण्णांच्या खोलीत उभी. अण्णा रबरी शीटवर. शीट ओली. ताईने विचारलं, चादर कुठे आहे? मी म्हटलं, चौथ्या पाण्यात. मग तिने ताटली उचलली आणि विचारलं, चमचा कुठे आहे?

माझ्या हातात होता. पिवळ्या डब्यातली पावडर भरलेला.

ताई ताटली खाली ठेवून अण्णांना कुशीवर वळवायला लागली. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. सगळे मुद्दे तयार होते.

डॉक्टरांनी जखमा उघडून बघितल्या. एक खूप खोल गेलीय. म्हणाले, एकाच अंगावर तासन्‌तास, त्यात ओल, त्यात खाली रबर. मी विचारलं, आणि पावडरीचा भाग किती? ते म्हणाले, काहीच नाही. मी म्हटलं, अगदी थोडासा तरी? ते हात धुवायला गेले. साबण पुरता न धुता टॉवेलला पुसले. अशा माणसावर ताईचा विश्वास.

मग गाडी आली. अण्णांना स्ट्रेचरवर घेतलं. जिना उतरताना ते डाव्या हाताची बोटं स्ट्रेचरच्या दांड्यावर आपटत होते. सारखी. नुसत्या बोटांचा आवाज होत नाही. निरोप घेत असतील. मी वरूनच हात केला.

ताटली आणि चमचा इथेच राहिला.

रविवार, २३ मार्च

घर खायला उठतंय.

बायको अण्णांची खोली पुसत होती. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाली. नंतर कोपऱ्यात बसून रडली. मी बाजूला बसलो. ती म्हणाली, मी रोज संध्याकाळी बघत होते आणि तरी एवढे दिवस गप्प बसले. मी सांगितलं, तू स्वतःला दोष देऊ नकोस. असं समजून घेणारा नवरा सगळ्यांना मिळत नाही.

बुधवार, २६ मार्च

काही केलं नाही.

रविवार, ३० मार्च

सापडलं!

सहज, करायला काही नव्हतं म्हणून अण्णांची एक चादर घेतली. पिवळ्या डब्यातली पावडर, निम्माच चमचा (काकूंच्या सांगण्यावरून नव्हे, डब्यात तेवढीच उरली होती). दोनदा खळबळली. टोक बाटलीत पिळलं, बाटली हलवली. फेस नाही. पुन्हा हलवली. नाही. मग शेवटचं पाणी ओंजळीत घेतलं आणि खिडकीपाशी उजेडात धरलं. तळ दिसला. हातावरची रेघ न्‌ रेघ दिसली.

दाखवायला वळलो. खोलीत पलंग आहे फक्त.

ताईला फोन केला. तिला सांगणं माझं कर्तव्य होतं, शेवटी प्रश्न अण्णांच्या कातडीचा आहे. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, पाठ भरत येतेय, लहान जखम सुकली, मोठीला वेळ लागेल. मी विचारलं, कुठली पावडर वापरतेस? म्हणाली, बघितलं नाही रे, दुकानदार देतो ती. परवा संपली होती तेव्हा अंगाच्या साबणानेच धुतली चादर.

मी तिला खळबळण्याबद्दल सांगायला लागलो. तेवढ्यात मागे ताटली वाजली, तिनेही एक दिलीय वाटतं. एकदाच. ताई म्हणाली, थांब हं, अण्णा बोलावतायत, आणि फोन तिथेच ठेवून गेली. तिची पावलं ऐकू आली. मग काहीतरी हळू बोलल्याचा आवाज. ताटली परत वाजली नाही. मी बराच वेळ फोन कानाला धरून होतो. ती परत आली नाही, विसरली असेल.

नंतर दुसरी चादर मशीनमध्ये टाकली. नळ सोडला. चमचा धुतला, पुसला, आणि अण्णांच्या पलंगावर बसून ताटलीवर एकदा वाजवला. फक्त बघायला. तपासल्याशिवाय मी काही मान्य करत नाही.

मशीन चालू होतं. नळ चालू होता. बायको स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली.