खुर्च्या जागच्या जागी

सौ. ताईस,

मिशनच्या स्वयंपाकघरातून, चुलीची झळ कागदाला लागणार नाही इतक्या अंतरावर बसून, धाकटीचा नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही सगळे धडधाकट आहोत, निदान लांबून पाहणाऱ्याला तसं वाटावं. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू फक्त उजव्याबद्दल लिहिलंस, त्यामुळे डाव्याची उगीच काळजी लागून राहिली. नातू रांगायला लागला का? सुनेशी बरं चाललंय ना (हे तिच्यासमोर वाचू नकोस)? आणि दाजी अजून त्याच डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला आहेत ना? त्यांना माझा खास नमस्कार. खास का, ते पुढे येईल. पत्र लांबलं तर रागावू नकोस. मी एकेक शब्द मोठ्याने म्हणते आणि मग लिहिते, हे तुला माहीतच आहे. या वयात मोठ्या सिस्टरांनी मला अक्षरं शिकवली ती अशीच, आधी तोंडाने म्हण, मग हाताने काढ. आता तोंड बंद ठेवलं की हातही थांबतो.

लिहायचं आहे ते मोठ्या सिस्टरांबद्दलच. शाळा, मुलींचं वसतिगृह, दवाखाना, कोंबड्या आणि मी, एवढ्यांवर त्यांचा हुकूम चालतो. (कोंबड्या ऐकत नाहीत, पण त्या कोणाचंच ऐकत नाहीत.) हे गेले तेव्हा मी कुठल्या अवस्थेत इथे आले ते तू पाहिलं आहेस. बाईंनी मला काहीही विचारलं नाही, माझ्या हातात पातेलं दिलं आणि म्हणाल्या, पंचवीस मुली जेवायच्या आहेत. त्या दिवशी मी रडायचं विसरले ते विसरलेच. तर अशा या बाईंची नजर गेली आहे. एकदम नाही, हळूहळू. आधी सुईत दोरा ओवेना, मग घड्याळ दिसेना, आणि आता समोर माणूस उभा आहे की दार उघडं आहे एवढाच फरक कळतो. पण हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. मलाही नाही. संध्याकाळी मला बोलावतात आणि म्हणतात, तुझं वाचन कच्चं राहिलंय, उद्याचा पाठ वाच बघू. मी वाचते, त्या डोळे मिटून माझ्या चुका काढतात, आणि सकाळी वेदीसमोर तोच पाठ पुस्तकात बघून (म्हणजे पुस्तकाकडे बघून) खणखणीत आवाजात म्हणतात. आमच्या दोघींचं हे नाटक वर्षभर चाललंय आणि पडदा पाडायची हिंमत दोघींपैकी एकीचीही नाही.

मागच्या आठवड्यात तर कहर झाला. वर्गाच्या कोपऱ्यात मी बटाट्यांचं पोतं टेकवून ठेवलं होतं. सिस्टर आत आल्या, सगळ्या मुली उभ्या राहिल्या, पोतं राहिलं नाही. सिस्टर म्हणाल्या, कोपऱ्यातल्या बाई, उठायचे कष्ट घेणार का? पोतं ढिम्म. मग शिस्त, आळस आणि आईबापांचे कष्ट यांवर त्याला जे व्याख्यान मिळालं ते ऐकून पहिल्या बाकावरच्या मुलींचे डोळे भरून आले. एकही मुलगी हसली नाही, ताई. उलट मागची उंच मुलगी हळूच पोत्याशेजारी सरकली आणि म्हणाली, चुकले सिस्टर. मला इकडे दाराआड पदर तोंडात कोंबावा लागला, आणि तो हसू आवरायला की दुसरं काही आवरायला हे आता सांगता येणार नाही.

म्हणून मी घरात एक कायदा केला. कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही. खुर्ची भिंतीला, बाक खिडकीखाली, मीठ बशीच्या उजवीकडे, पाण्याचा तांब्या डावीकडे. व्हरांड्यात बादली दिसली तर जिची असेल तिने आठवडाभर भांडी घासायची. त्यामुळे सिस्टर अजूनही किल्ल्या खुळखुळवत पूर्वीच्याच झपाट्याने चालतात, आणि बाहेरच्याला शंकाही येत नाही. दवाखान्यातल्या नर्स सिस्टरांनाही आली नव्हती. अर्थात त्यांना बाटलीत नसलेली कुठलीच गोष्ट लवकर दिसत नाही.

आणि अशातच निरोप आला, मुख्य मठातून तपासणीचे फादर येताहेत. हे फादर दरवर्षी येतात, दोन घास जेवतात आणि जातात, पण यंदा त्यांच्या येण्याला दुसराच वास होता. नदीपलीकडच्या मिशनच्या सिस्टरांना ऐकू येईना, तर याच फादरांनी त्यांना मठाच्या विश्रांतीगृहात पाठवलं. मी एकदा निरोप घेऊन तिथे गेले होते. स्वच्छ जागा, चांगलं जेवण, आणि व्हरांड्यात गुडघ्यांवर पांघरूण घेऊन ओळीने बसवलेल्या म्हाताऱ्या. त्या सिस्टरांनी माझा हात धरून विचारलं, कोंबड्या कोंडल्या का? त्यांच्याकडे आता एकही कोंबडी नाही, ताई. आमच्या बाईंना तिथे बसवलं तर त्या महिनाभरही टिकायच्या नाहीत. आणि माझं काय होईल, ते मी लिहीत नाही.

फादर आले आणि पहिल्याच पावलाला माझा कायदा मोडला. हा माणूस वस्तू हलवतो! बसायला दिलेली खुर्ची उचलून खिडकीशी नेतो, छत्री दाराच्या मधोमध टेकवतो, बॅग नेमकी तिथे ठेवतो जिथून सिस्टर जातात. मी दिवसभर त्यांच्या मागे. त्यांनी खुर्ची नेली की मी परत आणायची, त्यांनी बॅग ठेवली की मी उचलायची. तिसऱ्यांदा बॅग उचलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ती घेऊन गावाबाहेर पळणार आहे. एकदा ते छत्री ठेवून वळले आणि समोरून सिस्टर झपाझप येत होत्या. मी अक्षरशः मधे झेप घेतली आणि छत्री छातीशी धरून उभी राहिले. फादर म्हणाले, पाऊस नाहीये. मी म्हटलं, असलेली बरी. त्या रात्री माझ्या पायात गोळे आले.

पण खरी परीक्षा सकाळच्या उपासनेची होती. पाहुण्यांसमोर पाठ वाचायचा तो मिशनच्या प्रमुखांनीच, आणि वाचून झाल्यावर पुस्तक पाहुण्यांकडे फिरवून त्यांच्या हातात द्यायचं, ते त्याला ओठ लावतात, अशी आमची रीत आहे. पाठ आम्ही संध्याकाळी घोटला होता. (माझं वाचन फारच कच्चं आहे असं ठरवून तो चार वेळा घोटला.) सकाळी मी लवकर जाऊन वेदी झाडली, मेणबत्त्या बदलल्या, आणि वाचनाच्या उंच चौरंगावर मेणाचे थेंब पडलेले दिसले म्हणून पुस्तक उचलून फडक्याने तो लख्ख पुसला. मग पुस्तक परत ठेवलं, पाठाचं पान उघडलं आणि समाधानाने मागच्या बाकावर जाऊन बसले.

सिस्टर चौरंगाशी गेल्या आणि माझी नजर पुस्तकाच्या लाल फितीवर गेली. खुणेची ही फीत नेहमी वाचणाऱ्याच्या पोटाकडे लोंबते, आम्हाला बाकांवरून ती दिसत नाही. आज ती आमच्या बाजूला लोंबत होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. चौरंग मी समोरून पुसला होता, ताई, आणि पुस्तकही समोरूनच ठेवलं होतं. माझ्या बाजूने सुलटं! उठून जावं तर फादर पहिल्याच बाकावर. सिस्टरांनी पानावर हात ठेवला, क्षणभर थांबल्या आणि सुरुवात केली. त्या उलट्या पुस्तकातून बाईंनी आख्खा पाठ असा वाचला की एक स्वल्पविराम सांडला नाही. मधे पानसुद्धा उलटलं. ती फीत पंख्याच्या वाऱ्याने हलत होती, आणि पुढच्या बाकांवरच्या मुली एकेक करून तिच्याकडे पाहायच्या आणि श्वास रोखायच्या. उंच मुलीने तर डोळेच मिटून घेतले. मी देवाला म्हटलं, फादरांना शिंक येऊ दे, छप्पर गळू दे, काहीतरी कर.

काही झालं नाही. सिस्टरांनी रीतीप्रमाणे पुस्तक फिरवलं आणि फादरांच्या हातात दिलं. ते त्यांच्या हातात उलटं आलं. फादरांनी पुस्तकाकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं. मग अगदी सावकाश पुस्तक सुलटं केलं, ओठ लावले आणि जागेवर बसले. जेवताना सूप दोनदा मागून घेतलं, तेही खुणेने. सिस्टर मजेत बागेबद्दल बोलत होत्या, आणि मला हातातली पळी जड झाली होती.

जाताना गाडीपाशी त्यांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, ‘‘वाचन निर्दोष झालं. अहवालात मी तेवढंच लिहीन, कारण ते खरं आहे.’’ मी रडणारच होते, पण त्यांचं संपलं नव्हतं. ‘‘सुट्टी संपली की मी परत येईन. त्या वेळी पुस्तक मी उघडून देईन, मला हवं तिथे. तोवर डोळ्यांचं काय ते बघा. नाहीतर जे पाहिलं ते मला लिहावं लागेल.’’ मग छत्री माझ्याकडून मागून घेतली (ती अजून माझ्याच काखेत होती) आणि गेले. माणूस वाईट नाही. वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

असं सगळं आहे. बाकी क्षेम. कोंबड्या अंडी बऱ्यापैकी घालताहेत. सर्वांना यथायोग्य सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. जाड सुया आणि पांढऱ्या दोऱ्याची रिळं कोणाबरोबर तरी पाठव. इथल्या सुया वाकतात.

दुसरा ता. क. सुया नाही पाठवल्यास तरी चालेल. खरं काम वेगळंच आहे. नर्स सिस्टर म्हणतात (त्यांना अखेर सांगावं लागलं), हा मोतीबिंदू दिसतोय, तो काढता येतो. पण मोठ्या सिस्टरांना डॉक्टरांचं नाव काढलं की त्या विचारतात, कोणाला बरं नाही? डोळ्यांवर पट्टी बांधून निजावं लागलं तर त्या काळात त्यांच्या जागी दुसरीच कोणी येऊन बसेल, ही त्यांची भीती मला ठाऊक आहे. तेव्हा तू त्यांना एक आमंत्रण पाठव. नातवाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभ्या राहा, असं लिही. त्याला त्या नाही म्हणायच्या नाहीत. बाप्तिस्मा उन्हाळ्यातच झाला हे मला माहीत आहे, केकचे तीन तुकडे मीच खाल्ले. पण सिस्टरांना ते माहीत नाही, कारण ती रजा मी तुझ्या गुडघ्यांच्या नावावर घेतली होती. एकदा त्या तुझ्या घरी आल्या की दाजींनी त्यांना गोड बोलून दवाखान्यात न्यायचं. डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. आणि यातलं एक अक्षर त्यांच्या कानावर जाता कामा नये, मी इथे कमालीची सावध आहे. थांब, दूध उतू चाललंय

तिसरा ता. क. बाळाच्या आजींना नमस्कार. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर माफ करा, कागदावर मोजपट्टी धरून लिहिते आहे. तुमची बहीण दुधाकडे धावली आहे आणि दूध उतू गेलेलंच आहे, तेव्हा थोडा वेळ मिळेल. लिहिताना मोठ्याने बोलायची सवय तिला मी लावली. खिडकीखालच्या बाकावर मी वाटाणे सोलत बसले होते, तिथे सगळं पत्र ऐकू आलं. तुमच्या गुडघ्यांसाठी मी उन्हाळाभर रोज प्रार्थना केली, ती देव दुसऱ्या कोणाच्या गुडघ्यांना लावून घेईल. बाप्तिस्म्याची थाप नको. लहान मुलाच्या नावाने खोटं बोलू नये. मी तशीच येते. दाजींना सांगा, गोड बोलायची गरज नाही.

पुस्तक उलटं आहे हे मला हात ठेवताच कळलं होतं, फीत बोटांना लागली नाही. ते मी सरळ करू शकले असते. पण मग ते तसं कोणी ठेवलं हे सगळ्यांना कळलं असतं, आणि हिला पाहुण्यांसमोर बोलणी बसली असती. हे तिला सांगू नका. ते पोतं होतं हे मात्र मला आज कळलं. कोपऱ्यात बसून राहिलेल्या त्या मुलीच्या तब्येतीची मी अजून चौकशी करत होते.

भीती वाटते, हे कोणालातरी सांगायचं होतं. हिला बरोबर आणीन. तुमच्या घरातल्या खुर्च्या कुठे आहेत ते ती मला सांगेल, फक्त आम्ही आहोत तोवर त्या कोणी हलवू नका.