जोएलचा साग

म्हसावद, १२ नोव्हेंबर २०२४

चि. ग्रेसी हिस,
येशूच्या नावाने सलाम वि. वि. तुमच्या डोंगरात फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. आपला धाकटा भाऊ जोएल ज्या वर्षी पुरात वाहून गेला आणि सापडलाच नाही, त्याच वर्षी त्याने घरामागे लावलेला साग आठवतोय? त्याच्या फांद्यांची मी रोपवाटिकेत कलमं केली होती ना? पाऊस सरताच इथल्या सगळ्या सागांची वाढ थांबली, पण जोएलच्या रांगेला अजून नवे शेंडे फुटतायत! जास्त महिने वाढतो तो साग लवकर भरतो. रोपवाटिकेच्या साहेबांनी लागवडीसाठी हाच निवडला. येत्या पावसाळ्यात डोंगरोडोंगरी हजारो रोपं लागतील. आईला सांग.
माया असू दे.
तुझा अब्राहाम

नवापूर, २५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. सलाम वि. वि. अरे शहाण्या! आई रोज तिन्हीसांजेला त्या सागाला घागरभर पाणी घालते, जोएलशी बोलत बसते. म्हणून तो नाताळपर्यंत हिरवा राहतो. यात झाडाचं काय कौतुक? साहेबांसमोर हसं करून घेशील. तुझी बातमी ऐकून आई एवढंच म्हणाली, जोएलला एकट्याला झोपायची भीती वाटते. मला ते बरं नाही वाटलं. बिड्या कमी कर.
लोभ कमी करू नकोस.
ग्रेसी

म्हसावद, ९ जानेवारी २०२५

चि. ग्रेसी हिस,
सलाम वि. वि. मलाही आधी तसंच वाटलं. पण दिवाळीपासून या रांगांना पाण्याचा थेंब नाही. शेजारच्या उघड्याबोडक्या झाल्या, जोएलच्या रांगेत मात्र लाल कोवळी पानं येतायत. सागाचं पान चुरगळलं की हात लाल होतो, त्यात नवल नाही. तरी मी हात लावत नाही आता. आमचा दगा राखणदार तिकडून जायला तयार नाही, म्हणतो मागून कुणीतरी चालतं. साहेब खूश आहेत. मला भीती वाटते गं. घरचा साग कसा आहे?
आठवण ठेव.
अब्राहाम

नवापूर, २० जानेवारी

ती. दादास,
सा. सलाम. घरचा साग यंदा नाताळाआधीच पार उघडा पडला. आईने एक दिवस पाणी चुकवलं नव्हतं. आता घागर पालथी घातलीय. म्हणते, जोएल इथे नाही, अब्राहामकडे गेला. परवा भाकरी बांधून एकटीच म्हसावदला निघाली होती, जीपवाल्याने परत आणून सोडलं. तुझ्यावर राग नाही रे तिचा. पण साहेबांच्या पाया पड, त्या रांगेची रोपं डोंगरांवर नेऊ देऊ नकोस.
आई शेजारीच बसलीय, लिही म्हणते: पुराच्या वेळी एकाच नदीकाठी हाका मारायच्या होत्या. आता इतक्या डोंगरांवर लावलात, तर मी कुठे उभी राहून त्याला हाक मारू?
तुझीच,
ग्रेसी