दादाचा तुटलेला श्वास

रविवार, संध्याकाळ

आज मलकापूरच्या लग्नात ऑर्केस्ट्रातल्या पोरीनं दादाचं गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्यात ‘पाखरा’ म्हणताना मुद्दाम थांबली. पाख... रा. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

कुपवाडच्या फाउंड्रीतली धूळ दादाच्या छातीत बसली होती. कॅसेट भरताना त्याचा श्वास त्याच शब्दावर तुटला. “परत घेऊ रं,” म्हणाला. मीच म्हणालो, “ऱ्हाऊ दे, झ्याक वाटतंय.” का म्हणालो? वर्षभरात दादा गेला. मग दुसऱ्या गायकांनी तेच गाणं म्हटलं, रिमिक्स आलं. तो तुटका श्वास सगळ्यांनी उचलला. नखरा म्हणून!

वहिनी शेजारीच होती. कानाशी वाकून तिनं विचारलं, “भावजी, ह्या पोरीलाबी दम लागतुया व्हय?”