शिऱ्यावरचं झाकण

व्हाकोआ, शनिवार सकाळ

तीर्थरूप बाबूरावमामांच्या दोन्ही पायांना (डाव्या गुडघ्याला जरा जपून) चंद्रमोहनचा नमस्कार. मामींचा खोकला क्युरपिपच्या पावसासारखा थांबतच नाही असं कळलं, जपायला सांगा.

मी एका पाद्र्याच्या घरचं सामान हलवायला गेलो होतो (टिकलो तीन दिवस), तिथं यहुद्यांचं जुनं शास्त्र मिळालं, तेही मराठीत! घाबरू नका, धर्म बदललेला नाही. गोष्टी म्हणून वाचतो. लिहिणारा फार कंजूष हो मामा! माणसं मरतात, पण बापाला काय वाटलं ते लिहीतच नाही. ते आपणच शोधायचं. तुमच्या देवराजलाही पुस्तक दिलं होतं, परवाच त्यानं गुडलँड्सहून येऊन परत केलं.

तर काल जयरामकाकांकडे कथा होती. वादळात छप्पर टिकलं तर विद्यावतीचं शिकणं थांबवून तिला तुमच्या देवराजला देईन, हा त्यांचा नवस. छप्पर टिकलं (शेजाऱ्यांचंही यांच्याच आवारात येऊन पडलं). पोरीची टीचरची परीक्षा दोन महिन्यांवर, ती रडून रडून सुजलेली. पोथी वाचणारे आलेच नाहीत. देवकीकाकीनं माझ्या पिशवीतलं जाड पुस्तक पाहिलं, मराठी अक्षरं पाहिली, लाल कापडावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आता प्रसादापर्यंत कुणी उठायचं नाही!

उघडलं तिथून वाचत सुटलो. एक सरदार नवस करतो, लढाई जिंकलो तर घराच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते देवाला. जिंकतो. दारातून येते एकुलती एक मुलगी, डफ वाजवत.

काकांची मान खाली. उठता येईना. बायका म्हणाल्या, "वाच रे, देव सोडवील तिला." मी पान उलटलं. देव आलाच नाही, मामा. मुलगी एवढंच मागते, दोन महिने द्या, मैत्रिणींबरोबर डोंगरात रडून येते.

मागून विद्यावती म्हणाली, "बाबा, मलाही दोन महिने द्या."

"आयो!" काकीनं शिऱ्याचं पातेलं झाकलं. "असल्या कथेवर प्रसाद नाही. शेवट नीट कर आधी!"

काका पुटपुटले, "देवाला दिलेला शब्द मी कसा मोडू?"

बायका एकेक करून सटकल्या. काका अजून पाटावरच आहेत, तोंडात पाणीसुद्धा नाही. मी दिव्यात तेल घालतोय.

तुमचा,
चंद्रमोहन

ता. क. शेवट तुम्हीच करा. काका शब्द मोडणार नाहीत. पण घेणाऱ्यांनीच "आम्हाला सून नको" म्हटलं तर पाप कुणालाच नाही. मिळेल त्या बसनं या, एवढं म्हणा, आरती करा.

आणखी एक ता. क. देवराजवर रागावू नका. पुस्तक नेमकं तिथंच उघडलं, कारण त्या पानात खूण म्हणून गुडलँड्सच्या बसचं तिकीट होतं.