मुकादमाची गळती आणि वरचा कॉक

ती. मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो कागदावरच घालतो आहे. कशाने धरली ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे, खोकला आणि स्वभाव कसे आहेत? पहिल्या दोघांना आराम पडला असेल. तिसऱ्याची आशा आम्ही सोडली आहे. मुकादमाच्या आजाराचं कळल्यापासून तुम्ही ना घरी येता, ना फोन उचलता. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते न उचलण्याची सोय नाही.

मुकादम घटाघटा पाणी पिऊन बैठकीतली सतरंजी ओली करू लागला, तेव्हाच आम्ही त्याला दवाखान्यात नेणार होतो. पण ज्या घरात मामा प्लंबर, त्या घरात डॉक्टरला विचारतो कोण? तुम्ही सतरंजीकडे पाहिलंत, कुत्र्याकडे पाहिलंत (त्याला हे नावही तुमचंच, कारण स्वतः काडीचं काम न करता तो सगळ्यांवर देखरेख करतो. हा मान आधी माझा होता, असं तुमची भाचेसून म्हणते) आणि जागच्या जागी निदान केलंत: गळती आहे, आणि गळती असली की आधी वरचा कॉक बंद करायचा. झालं! संध्याकाळ झाली की पाण्याचं भांडं कपाटावर. सतरंजी वाळली, तुमची कॉलर ताठ झाली, आणि मुकादमाने फुलदाणीतलं पाणी फुलांसकट संपवलं. मग बाथरूममधली बादली. मग उलट्या सुरू झाल्या, आणि आम्ही तुम्हाला न विचारता दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त काढून घेतलं आणि सकाळची लघवी आणायला सांगितलं. सांगायला काय जातं! मुकादम किती लाजाळू गृहस्थ आहे हे मला तेव्हा कळलं. तो पुढे, मी मागे, हातात लांब दांड्याचा डाव. तो पाय उचलायचा, मी वाकायचो, तो वळून माझ्याकडे पाहायचा आणि पाय खाली ठेवायचा. अख्ख्या गल्लीची कुंपणं आम्ही अशी पालथी घातली. शेवटी यश आलं, पण कंबर गेली. शेजारचे निवृत्त हेडमास्तर हे सगळं गॅलरीतून पाहत होते. तेव्हापासून ते माझ्याशी फार सावकाश आणि मायेने बोलतात. (डाव कुठला होता हे आईला कळू देऊ नये. नवा आणला आहे.)

निघालं मूत्रपिंडाचं दुखणं. तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगायचं तर आतली गाळणी निकामी होत चालली आहे. तिला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ते जास्त बाहेर जातं, आणि बाहेर जातं म्हणून तो जास्त पितो. म्हणजे कॉक बंद करणं हा नेमका उलटा उपाय! गाळणी बदलून मिळत नाही, मामा, ते काही वॉशर नव्हे. पण पाणी हवं तेवढं, खाणं पथ्याचं, गोळ्या वेळेवर आणि अधूनमधून रक्ताची तपासणी, एवढं सांभाळलं तर त्याचे दिवस बरे जाऊ शकतात. आता घरात जिथे पाय ठेवावा तिथे पाण्याचं भांडं आहे. दोनदा मी त्यात पाय ठेवलाही.

अडलं आहे ते पथ्यावर. मीठ बेताचं, मांस मोजून आणि फॉस्फरस नावाचा क्षार कमीत कमी, असं खास खाणं आणलं. मी चाखून पाहिलं. ओला पुठ्ठा बरा. मुकादम वास घेतो आणि माझ्याकडे असा बघतो, जणू मीच हिशेबात गफलत करताना सापडलो आहे. मग आईने (तुमचीच बहीण ती!) मी काही देत नाही, काही देत नाही म्हणत पदराआडून चीज पुरवलं, तर पुन्हा उलट्या. आता तो चीजही खात नाही. काहीच खात नाही. पोटात काही गेलं नाही तर औषधांचा उपयोग नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. मला भीती वाटते, मामा.

असो. तुमच्या सल्ल्याने एवढं रामायण झाल्यावर आणखी सल्ला नको. तुम्ही घरीच राहून गुडघे शेकावेत हे उत्तम.

आपला आज्ञाधारक (आज्ञा बरोबर असेल तेव्हा),
भाचा

ता. क. तुम्ही त्याला जेवण वाढताना भांड्यावर पाना वाजवता, तसा काल मी वाजवून पाहिला. मुकादम धडपडत धावत आला. भांड्यात नाही पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. मग दारात जाऊन बसला. अजून तिथेच आहे.

ता. क. २. हे दुखणं भांडं कपाटावर ठेवल्यानेच झालं ना, असं मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारलं. खापर तुमच्या डोक्यावर फोडायची माझी फार इच्छा होती. त्या ऐकेनात. त्याने त्रास वाढला, पण रोग आत कितीतरी आधीपासून मुरला होता म्हणाल्या. तेव्हा तोंड लपवून बसायचं कारण उरलेलं नाही. पाना घेऊन या. पुठ्ठा तुमच्या हातून खाईल तो.

ता. क. ३. कुत्र्यासाठी यायचा संकोच वाटत असेल तर स्वयंपाकघरातल्या नळासाठी या. भळाभळा गळतो आहे. आज सकाळी मीच सैल करून ठेवला. वरचा कॉक बंद केलेला नाही.