दीड इंचाचा सूड

३ तारीख, सोमवार
काल हिच्या माहेरी जेवण. माझी गिटार मुद्दाम नेली होती. सी कॉर्ड धरली. तारा नुसत्या भुणभुणल्या. साडू म्हणाला, "बोटं आखूड आहेत हो तुमची." सासरे हसले. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून साडूने ते त्यांना पुन्हा मोठ्याने सांगितलं.
सूड घेणार. २८ तारखेला सासऱ्यांचा वाढदिवस. सगळ्यांदेखत वाजवणार.

५ तारीख, सकाळी ६
अभ्यास सुरू. बोटं निर्दोष आहेत! माझ्या गिटारची स्केल लेंग्थ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंच. त्यामुळे बोटं ठेवायच्या पट्ट्या एकमेकींपासून लांब आणि तारा ताठ. शिवाय नेक, म्हणजे डाव्या हातात धरायचा दांडा, मागून लाटण्यासारखा गोल आणि जाड. राक्षसासाठी केलेलं वाद्य.

८ तारीख
नखं महिनाभर वाढवतोय, आता छान लांब आहेत. गिटारवाले वाढवतात असं वाचलं. बहुतेक उजव्या हाताची लिहिलं होतं, पण डाव्यावर अन्याय कशाला? ही म्हणते, डाव्या हाताची कापा. हिला स्केल लेंग्थ कशाशी खातात माहीत नाही.

११ तारीख
नवी गिटार घेतली. चोवीस इंची, बारीक नेक. दुकानदार माझ्या हाताकडे बघून काहीतरी सांगत होता. गप्प केला.
दुपारी ऑफिसात जबरदस्त कल्पना. जुनी गिटार साडूला भेट द्यायची! त्याची बोटं माझ्याहून आखूड आहेत, जेवताना बघून ठेवलंय. पिचून जातील. हसू आवरेना. साहेबांनी बरं आहे ना विचारलं.

१३ तारीख
दिली. साडूच्या डोळ्यांत पाणी. अलगद सापडला.

२०
नवीही भुणभुणते. नेक फारच बारीक, अंगठ्याला आधार नाही, तळव्यात गोळे येतात. दुकानदारालाही बघून घेणार. यादीत आता दोघे.

२८, घरी परतल्यावर
आधी साडू. कॉलेजात वाजवायचा म्हणे, मला आज कळलं. माझ्या जुन्या गिटारवर पाऊण तास. सासरे रडले. शेवटी साडू सगळ्यांना म्हणाला, "ही साडूभाऊंनी दिली. एवढं मोठं मन कुणाचं असतं?" टाळ्या.
मग मी. सासूबाईंना नेमकं हेच ऐकू आलं. म्हणाल्या, पंखा बंद करा, घरघरतोय.

३० तारीख
दुकानात भांडायला गेलो. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, माझा डावा हात धरला आणि ड्रॉवरमधून नेलकटर काढला. चार बोटं, दोन मिनिटं. मग भिंतीवरून माझ्या जुन्या गिटारसारखीच एक काढून दिली. साडेपंचवीस इंच, तोच जाड नेक. सी कॉर्ड धरली.
स्वच्छ वाजली. तो नेक तळव्यात इतका नीट बसला की मला भडभडून आलं.
संध्याकाळी साडूला फोन केला. जुनी परत मागणार होतो. तोच आधी म्हणाला, दर रविवारी या, शिकवतो, गिटार तुमचीच आहे. हो म्हणालो. सूड जवळून घेता येईल.
नखं कापल्याचं हिला कळता कामा नये. डावा हात खिशात घालून जेवलो.