इंजिन गरम होऊ द्यायचं होतं

अण्णा, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली आणि आज पहिल्यांदा मी तुमचा पेचकस हातात घेतला. तोच, लाकडी मुठीचा, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला होता. माझी गाडी जुनी झाली आहे, माझ्यासारखीच कुरकुर करते. काल गॅरेजवाल्याने तिला लॅपटॉप जोडला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, हे काहीच दाखवत नाही. त्याने बॉनेटजवळ एकदाही कान नेला नव्हता. मला आधी हसू आलं आणि मग घरी येईपर्यंत रडू. म्हणून लिहायला बसले. तो रविवार तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने तो तुम्हाला कधी कळलाच नाही.

बार्शी नाक्यावरचं आपलं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. पण लोक तिथे गाडी दुरुस्तीला कमी आणि ऐकवायला जास्त आणत. तुम्ही पेचकसाचं टोक चालत्या इंजिनवर टेकवायचात, मूठ कानाशी धरायचात आणि डोळे मिटायचात. आई गेल्यावर स्वयंपाक माझ्याकडे आला, तेव्हा तुम्ही ओट्याशी बसून मला इंजिनचे आवाज चुलीच्या भाषेत समजावले होते. वरून शिलाई मशीनसारखी बारीक टिकटिक आली, तर झडपा हलवणारे टॅपेट सैल झाले, तासाभराचं काम. खालून भाकरी थापल्यासारखा जड ठोका आला, तर पिस्टनच्या रॉडचं बेरिंग गेलं. मग गाडी जागची हलवायची नाही, इंजिनच उघडायचं. आणि एक ताकीद तर तुम्ही येता-जाता द्यायचात. "इंजिन गरम झाल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई." थंड इंजिनात तेल घट्ट असतं, ते दुखणं झाकून ठेवतं.

मग गावात नव्या गाड्या यायला लागल्या. छोट्या, चकचकीत, खिडकीची काच बटणाने खाली जाणाऱ्या. तशातली एक तुमच्यापुढे उभी राहिली, तेव्हा तिच्या इंजिनचा पट्टा इतका किंचाळत होता की समोरच्या हॉटेलातली माणसं उठून बाहेर आली. तुम्ही कौतुकाने बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणालात, लई शांत इंजिन हाय, ह्या नव्या गाड्या बोलतच न्हाईत. सगळे हसले. उस्तादांनी टोमणा मारला असं त्यांना वाटलं. मी डबा घेऊन आले होते, मला हसता आलं नाही. संध्याकाळी कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या आणि तुम्ही शेगडीजवळ पेपर वाचत बसून होतात. मी गॅस बंद केला तेव्हा तुम्ही वर पाहिलंत. आपल्या दोघांनाही कळलं. "कुनाला सांगू नको, बाई," तुम्ही म्हणालात. "कान गेले म्हनल्यावर हाताला कोन इचारतंय?"

तेव्हापासून पेचकसाची मूठ कानाऐवजी दातांत गेली. विचारणाऱ्याला तुम्ही सांगायचात, जबड्याने जास्त कळतं. लोकांना ते पटलं, उस्ताद माणसाचं काहीही पटतं. खरं काम मी करायचे. मला शिरूर कासारकडच्या शाळेत नोकरी लागली होती, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. म्हणून अवघड गाडी आली की तुम्ही म्हणायचात, रविवारी आणा. मी चहा घेऊन यायचे आणि मडगार्डवर हात ठेवून उभी राहायचे. एक बोट वर केलं तर दुखणं वरचं, टॅपेटचं. तळवा पालथा टेकवला तर खालचं, बेरिंगचं. तुम्ही माझ्या हाताकडे पाहायचात, थोडं थांबायचात आणि निदान सांगायचात. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व वाटायचा. तुमची अब्रू माझ्या एका हातावर उभी आहे असं मनाशी म्हणायचे आणि एसटीत एकटीच हसायचे.

आता तो रविवार. कापडवाले शेठ पलीकडच्याच गल्लीतून त्यांची जुनी पांढरी गाडी घेऊन आले, इंजिन अजून थंडच होतं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या आईला घेऊन त्यांना कपिलधारला दर्शनाला जायचं होतं, आणि गाडी दोन दिवसांपासून आवाज करत होती. माझ्या शाळेची सोमवारी तपासणी होती, हजेरीपट अर्धे राहिले होते आणि मला अकराची एसटी धरायची होती. तुम्ही इंजिन चालू केलंत, पेचकस दातांत धरलात. मी एक बोट वर केलं. तुम्ही ते पाहिलंत आणि तरी मूठ सोडली नाहीत. वाकून टोक खाली, पार खाली टेकवलंत, कपाळाला आठ्या घातल्यात. मग माझ्याजवळ आलात आणि हळूच विचारलंत, "खालून काई येतंय का? गरम हू देऊ का?" मी चिडून मान हलवली आणि बोट तसंच वर ठेवलं. तुम्ही शेठला म्हणालात, टॅपेट हायेत. तासाभरात करून देतो. मी अकराच्या एसटीत बसले.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या अलीकडे शेठच्या गाडीचा रॉड तुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. रस्ताभर तेल. शेठची आई चार तास उन्हात दगडावर बसून होती. पुढच्या रविवारी शेठ चालत आले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. लिंबाखाली पाच-सहा गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर तुमच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "उस्ताद, खरं सांगा, त्या दिवशी तुमी ऐकलं तरी का?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "न्हाई शेठ," तुम्ही म्हणालात. "मला ऐकूच येत न्हाई. दोन वर्सं झाली. चूक माजी हाय."

मी चहाचे ग्लास धरून उभी होते. जे तुम्ही दोन वर्षं जिवापाड लपवलंत, ते माझ्यासाठी चारचौघांत एका वाक्यात टाकून दिलंत, आणि मी ग्लास विसळायला निघून गेले. त्यानंतर गाडी ऐकवायला कुणी आलं नाही. पंक्चरची कामं तेवढी राहिली. त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही एवढंच विचारलंत, तपासणी नीट झाली ना? झाली म्हटलं. त्या विषयावर आपलं बोलणं तेवढंच. पुढे तुम्ही फार दिवस राहिला नाहीत.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की इंजिन थंड होतं, कुणालाच कळलं नसतं. आज दारात गाडी चालू केली. थंडच होती. कान लावला तर नुसती टिकटिक. मग पेचकसाची मूठ दातांत धरली. तुमच्या दातांच्या दोन खाचा आहेत तिच्यावर, माझे दात त्यांत बसले. टोक खाली टेकवलं आणि अण्णा, ठोका थेट कवटीत आला. जड, सावकाश, भाकरी थापल्यासारखा. म्हणजे त्या दिवशी तुम्हाला तो लागला होता. लागला होता म्हणून तर तुम्ही विचारलंत. आणि स्वतःच्या दातांपेक्षा तुम्ही माझ्या बोटावर भरवसा ठेवलात.

गाडी बंद केली आहे. जागची हलवणार नाही. हा कागद पेचकसाला गुंडाळून ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार.

एक राहिलं. माझे कान चुकले नव्हते, अण्णा. शेठ गाडीतून उतरता उतरता म्हणाले होते, टॅपेटच असतील, आणि मी घड्याळात बघत तेच बोट वर केलं. मी ऐकलंच नव्हतं.